अकराशे फोल्डरांतलं एक

प्रिय खटपट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उघडायला वेळ लावला असशील, कदाचित दोन दिवस तसंच टेबलावर पडू दिलं असशील. हक्कच आहे तुझा. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी ताई दर रविवारी फोन घेऊन गॅलरीत जाते, दार लोटून घेते, आणि मी आत बसून टीव्हीचा आवाज वाढवतो. परत आली की ती मला काही सांगत नाही आणि मी काही विचारत नाही. मग ती स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता भांड्यांनाच ऐकवल्यासारखं मोठ्यानं बोलते, आणि मी पेपरात डोकं खुपसून सगळं ऐकतो. तुझी मुलगी पोहायला शिकली, तुला चष्म्याचा नंबर लागला, तुझ्या नव्या ऑफिसातला साहेब कटकट्या आहे, हे सगळं मला असं भांड्यांच्या मार्फत कळलेलं आहे. तिची तब्येत बरी आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण लोकांना कृत्रिम पाय करून देणाऱ्यानं स्वतःच्या गुडघ्याबद्दल रडू नये म्हणून गप्प बसतो.

मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात कार्यशाळेतला तुझा कॉम्प्युटर वाजायला लागला. पहिल्यांदा ऐकलं ते पट्टे शिवणाऱ्या मावशींनी. त्यांचं मशीन अजून त्याच कोपऱ्यात आहे, कॉम्प्युटरला पाठ लावून. त्या म्हणाल्या, ह्याच्या पोटात काहीतरी टकटकतंय. मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं. दोन दिवसांनी एका पेशंटचं माप उघडायला चार मिनिटं लागली, आणि तिसऱ्या दिवशी साचा कोरणारं यंत्र अर्ध्यावर थांबून राहिलं. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. त्या डब्यात अकराशे त्रेचाळीस माणसांची मापं आहेत, अठरा वर्षांची. एकेका मुलाचे सात सात पाय आहेत त्यात, चौथ्या वर्षापासून विसाव्यापर्यंत, कसा वाढला, कुठे घेर बदलला, कुठल्या हाडाला टोचत होतं, सगळं. ते गेलं असतं तर अकराशे माणसांना परत बोलावून फीत लावावी लागली असती. आणि न कळणाऱ्या चुका पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागल्या असत्या, त्या वेगळ्याच.

आणि ज्याला ते येत होतं त्याला मी हाकलून दिलं होतं. आडपडदा न ठेवता लिहितो, कारण हे पत्र पुन्हा लिहायची हिंमत होणार नाही. बेकरीवाल्या बाईंचा पाय. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो तो, इतका घट्ट झाला की महिन्याभरात जखम झाली. दिवसभर भट्टीपुढे उभं राहायचं काम, त्या बाई बोलल्याही नाहीत, नवा पाय आहे, सवय होईल म्हणत राहिल्या. जखम हाडापर्यंत गेली आणि डॉक्टरांना आणखी चार बोटं पाय कापावा लागला. त्या सोमवारी मी सगळ्यांदेखत तुझ्यावर तोंड टाकलं. फितीचं माप जसंच्या तसं घेतलं तर सॉकेट ढिलं बसतं, म्हणून प्रत्येक घेरातून थोडं वजा करायचं असतं. हातानं साचे करायचो तेव्हा ते मीच करायचो, तुझा प्रोग्राम आल्यापासून तो करायचा. मी ओरडलो की तुझ्या प्रोग्रामनं दोनदा वजा केलं. तू एवढंच म्हणालास, "दाजी, तो एकदाच करतो. आकडे टाकताना काय झालं ते एकदा बघू या." मला खोटारडा म्हणतोस का, असं मी विचारलं, आणि त्यापुढे जे बोललो ते लिहीत नाही, तुला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास, कॉम्प्युटरपाशी बसून काहीतरी खटपट केलीस, ती निळी वही माझ्या टेबलावर ठेवलीस आणि कार्यशाळा चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगून गेलास की चूक माझ्याकडूनच झाली असणार. तो तुझा कबुलीजबाब आहे असं धरून मी सहा वर्षं शांत झोपलो.

डिस्क वाजल्यावर आधी मी दुकानातल्या माणसाला बोलावलं. त्यानं स्क्रीनकडे बघून नाक मुरडलं. हे लिनक्स कुणी टाकलं, सगळं पुसून नवीन सिस्टिम टाकून देतो, तासाभराचं काम, म्हणाला. पुसून हा शब्द ऐकल्यावर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग तुझी वही काढली. इतकी वर्षं फक्त यंत्र अडलं की दोन पानं उलटायचो. शेवटचं पान कधी पाहिलंच नव्हतं. "डिस्क वाजायला लागली तर" असा मथळा, आणि डोक्यावर तारीख तू गेलास त्या दिवसाची. म्हणजे आदल्या दिवशी मी चारचौघांत तुझा पाणउतारा केला होता आणि तू सकाळी येऊन माझ्यासाठी हे लिहीत बसला होतास. तेही कसं, तर प्रत्येक पायरीवर 'दाजी'. दाजी, घाबरू नका. दाजी, इथे घाई करायची नाही. दाजी, नवी डिस्क कुठली आणि जुनी कुठली हे दोनदा बघा, चहा घ्या, मग तिसऱ्यांदा बघा, कारण उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होईल आणि ती तक्रार न करता होईल. वाचताना मला हसू आलं आणि मग हसू येणं थांबलं.

तुझी पहिली पायरी होती की बाकी काही करण्याआधी पेशंटांची फोल्डरं तेवढी पेनड्राइव्हवर घ्या, सिस्टिम पुन्हा उभी करता येते, माणसांची मापं येत नाहीत. ते केलं. पट्टी सरकत सरकत शेवटापर्यंत आली आणि खाली एक ओळ उमटली. अकराशे बेचाळीस फोल्डरं गेली, एक गेलं नाही. परवानगी नाही. मला वाटलं, डिस्कच तिथे खराब झाली असेल. वहीत होतं त्याप्रमाणे एक ओळ टाइप करून विचारलं, हे कुणाचं? उत्तर आलं, मालक तू. बाकी सगळी माझ्या नावावर, हे एकटं तुझ्या नावावर, कुलूप लावलेलं, आणि कुलूप लावल्याची तारीखही त्याच सकाळची. फोल्डर बेकरीवाल्या बाईंचं.

खरं सांगतो, मला आधी तुझा रागच आला, आणि रागाच्या खाली थोडा आनंदही झाला. बघा, म्हटलं, पठ्ठ्यानं जाता जाता स्वतःची चूक कुलूपबंद करून ठेवली. घरी येऊन जेवताना तुझ्या ताईला सांगायचं तोंडावर आलं होतं. पण काय कोण जाणे, गिळलं. म्हटलं, एकदा नीट हातात येऊ दे, मग तारखेनिशी दाखवतो. असा मी.

रविवारी कार्यशाळा बंद असते. सकाळीच जाऊन खिडक्या उघडल्या, टेबलावरची प्लास्टरची पूड पुसली आणि कॉम्प्युटर उघडा केला. जुन्या डिस्कला लाल चिकटपट्टी लावली, नवीला निळी. तू लिहिलं होतंस की चालू सिस्टिमची नक्कल करू नका, ती स्वतःच हलत असते. पेशंट हलत असताना फीत लावता का? अशा भाषेत सांगितलंस की मला लगेच कळतं, हे तुझं मला नेहमी आवडायचं. कधी बोललो नाही. तर तू वहीसोबत ठेवून गेलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, म्हणजे दोन्ही डिस्का टेबलावर पडलेल्या पेशंटसारख्या स्वस्थ. कुठली कोण हे आकारावरून बघितलं, नंबरावरून बघितलं, चहा घेतला, तिसऱ्यांदा बघितलं. मग ती लांबलचक ओळ एका बोटानं टाइप केली. त्यातल्या एका अक्षराखाली तू दोनदा रेघ मारली होतीस. हे विसरलात तर फाइली पलीकडे पोचतील, पण कुणाच्या होत्या आणि कधी लिहिल्या होत्या ते पुसलं जाईल. मी ते अक्षर तपासलं आणि बटण दाबलं.

साडेतीन तास लागले. एकेक नाव वर सरकत होतं आणि मी नुसता बसून बघत होतो. तो सायकलवर पेपर टाकणारा. ती जुळ्यांतली एक. तो रागीट वकील, ज्यानं तीन वेळा पाय परत आणून दिला आणि चौथ्यांदा मुलीच्या लग्नाला मला पहिल्या रांगेत बसवलं. काही जण आता नाहीत. त्यांची मापंही मी निमूट पलीकडे जाऊ दिली. डिस्क मधूनच टकटकायची, ओळी थांबायच्या, पुन्हा चालू व्हायच्या. शेवटी सगळं पार पडलं. ह्या खेपेला कुलपाचं फोल्डरही गेलं, कारण वहीच्या मागच्या कव्हरच्या आत लिहिलेला, सगळी कुलपं उघडणारा मोठा पासवर्ड वापरून काम चाललं होतं. कुलूप तूच लावलंस आणि किल्लीही तूच मला देऊन गेलास, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

जुनी डिस्क काढली, नवी तिच्या जागी बसवली, सुरू केलं तर काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. सगळं घालवलं, म्हटलं, आता कुठल्या तोंडानं सांगणार. दहा मिनिटांनी वही पुन्हा हातात घेतली तर पुढची पायरी मी पान चिकटल्यामुळे वगळली होती. प्रत्येक डिस्कला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, सिस्टिम अजून जुन्या क्रमांकाची वाट बघत बसते, तिला नवा कळवावा लागतो, आणि सुरू होण्याची पाटी नव्या डिस्कवर नव्यानं लावावी लागते. पेनड्राइव्हवरून पुन्हा आत शिरलो, तो लांब आकडा दोनदा ताडून लिहिला, तुझ्या दोन ओळी टाइप केल्या. मग मशीन सुरू झालं, आवाज न करता. साचा कोरणारं यंत्रही पहिल्या झटक्यात बोललं. माझा जीव भांड्यात पडला. तुझी आठवण आली, आणि ती दडपायला मी टीव्हीचा आवाज वाढवू शकलो नाही, कारण तिथे टीव्ही नव्हता.

शेवटून दुसरी पायरी तुझी अशी होती की पाच जुनी फोल्डरं उघडून डोळ्यांनी बघा, आवडीची नकोत. चार बघितली. पाचवं तेच उघडलं. आत दोन फाइली. फोल्डर तुझ्या नावावर, पण फाइली दोन्ही माझ्या. एक सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लिहिलेली, फितीची मापं, जशीच्या तशी. दुसरी त्याच दिवशी अकरा चाळीसची, तीच मापं बदलून वेगळी साठवलेली. सगळे घेर कमी केलेले. वरच्या घेरातून तीन मिलिमीटर, मधल्या दोन घेरांतून चार चार, खालच्यातून पाच. खटपट्या, असं वजा करणारा माणूस ह्या जगात एकच उरला आहे. मला शिकवलं त्या उस्तादांनी मला तसं शिकवलं होतं, आणि मी ते दुसऱ्या कुणाला शिकवलं नाही. माझ्या नावानं दुसऱ्या कुणी आकडे टाकले असतील असं म्हणायला मला जागाच राहिली नाही. मी हातानं वजा केलं, आणि मग तुझ्या प्रोग्रामनं त्याचं काम केलं. चूक माझी होती. तुझी नव्हती.

तारीख बघितली आणि तो दिवस उभा राहिला. तुझ्या ताईचं ऑपरेशन होतं. गाठ साधी आहे की नाही हे उघडल्यावर कळणार होतं. मी दवाखान्यात बसू शकत नव्हतो, बाकावर बसलं की मला श्वास पुरत नव्हता, म्हणून तू म्हणालास, दाजी, तुम्ही कामावर जा, मी आहे ताईपाशी. मी नऊला आकडे टाकले. अकराच्या सुमाराला तुझा फोन यायचा होता तो आला नाही. मी काहीतरी हाताला हवं म्हणून ती फाइल पुन्हा उघडली असणार आणि हात जुन्या सवयीनं चालले असणार. असणार म्हणतो, कारण मला ते आठवत नाही, आजही नाही. मला फक्त बाराला आलेला तुझा फोन आठवतो. गाठ साधी आहे, एवढंच तू म्हणालास आणि मी प्लास्टरच्या पिंपावर बसून रडलो.

तू त्या मंगळवारी सकाळी हे सगळं बघितलंस. अर्ध्या मिनिटात माझ्या नाकासमोर धरता आलं असतं. ते न करता कुलूप का लावलंस, ह्यावर मी पंधरा दिवस डोकं खाजवतो आहे. लोक कार्यशाळेत माझ्या हाताच्या भरवशावर येतात, असं तू नेहमी म्हणायचास, म्हणून असेल. ऑपरेशनच्या दिवसामुळे हे झालं हे ताईच्या मनाला लागेल, म्हणून असेल. कधी कधी वाटतं, चांगलाच रागावला होतास, आणि एक दिवस ह्याचं ह्यालाच सापडू दे म्हणून लावलंस. तसं असेल तरी बरोबरच केलंस. तू कुणी संत नाहीस हे मला माहीत आहे, माझ्या स्कूटरची काच तू फोडली होतीस आणि मांजरावर ढकलली होतीस.

तुझ्या ताईला मी त्याच रविवारी दुपारी सांगितलं. तिनं माझ्यासमोर बसून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "सहा वर्षं माझा भाऊ ह्या घरात आला नाही." बस्स. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. दोन दिवस ती माझ्याशी फक्त मीठ आणि किल्ल्या ह्याच विषयांवर बोलली. पुढच्या सोमवारी सगळे जमले होते, तुझ्यावर ओरडलो होतो तेव्हा जे होते त्यांतले बहुतेक जण अजून आहेत. मी उभं राहून दोन्ही फाइली वाचून दाखवल्या, वेळेसकट, आणि डॉक्टरीणबाईंना लेखी दिलं. त्यांनी तीन महिने माझं प्रत्येक माप दुसऱ्या कुणीतरी ताडून बघायचं ठरवलं आहे. पट्टे शिवणाऱ्या मावशी सगळं झाल्यावर म्हणाल्या की आम्हाला तेव्हाच वाटलं होतं, पण तुमच्यापुढे बोलायचं कुणी. त्या फोल्डरचं कुलूप मी काढलं आहे. आता ते कार्यशाळेतल्या कुणालाही वाचता येतं. मालक म्हणून तुझं नाव मात्र तसंच ठेवलं.

आता हे पत्र का, ते. बेकरीवाल्या बाईंना नवा पाय हवा आहे. दुसऱ्या ऑपरेशननंतर दुसरीकडून केलेला त्यांचा पाय आता ढिला पडला आहे, उरलेल्या पायावर तीन तीन मोजे चढवून त्या भट्टीपुढे उभ्या राहतात. मी स्वतः बेकरीत गेलो आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. पिठाचे हात तसेच धरून त्यांनी ऐकलं, आणि म्हणाल्या, आज जा तुम्ही. मी आलो. पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "सहा वर्षं मी तुमच्या मेहुण्याला शिव्या घातल्या. त्यांना माझ्यासमोर बसवा. माप तुम्ही घ्या, पण आकडे त्यांनी टाकायचे. ते नसतील तर आहे त्या पायावर मी चालेन." म्हणून लिहितो आहे. मी माझ्यासाठी बोलावलं असतं आणि तू आला नसतास तर मला बोलायला तोंड नव्हतं. माफी मी मागतोच आहे, हात जोडून मागतो आहे, पण ती द्यायची की नाही हे तुझं तू बघ, घाई नाही. त्या बाईंच्या पायाला मात्र घाई आहे. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला सकाळी दहाची वेळ त्यांना दिली आहे. तू ये. मी फीत धरीन आणि एकेक आकडा मोठ्यानं सांगेन, तू टाक. आणि मी तुझ्या कीबोर्डकडे हात नेलाच, तर सगळ्यांदेखत माझा हात धर.

तुझाच,
दाजी